तिजोरी गार होईपर्यंत

४ मार्च, सोमवार

आज कारखान्यात नवी तिजोरी आली. टेम्पोतून उतरवताना सगळ्यांची कंबर मोडली आणि उतरवून झाल्यावर सगळ्यांचं एकमत झालं की मालकांना कुणीतरी फसवलंय. बाहेरून ती फ्रिजसारखी दिसते. आत हात घालावा तर जागा एवढीशी, चार टॉवेल घडी करून ठेवले की संपली. बाकी नुसती भिंत.

"फ्रिजच आणला असता तर निदान ताक तरी गार झालं असतं की," धोंडप्पा म्हणाले. धोंडप्पा आमचे हिशेबनीस, चिंचोळी एमआयडीसीतलं सगळ्यात जुनं तोंड.

मागच्या महिन्यात आमच्या पलीकडच्या रस्त्यावरचा एक टॉवेलचा कारखाना जळाला. यंत्रं विम्यातून नवी आली. पण डिझाईनं कॉम्प्युटरात होती, ती गेली ती गेलीच. त्या मालकाला जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, मागच्यासारखाच माल पाठवा, आणि त्याला मागचा माल कसा होता तेच सांगता येईना. हे ऐकल्यापासून आमचे मालक गुरुबसप्पा अप्पा जेवताना बोलायचे बंद झाले. दिपालीनं सुचवलं होतं की सगळं इंटरनेटवर, क्लाऊडवर ठेवू. अप्पा म्हणाले, "ढगात? सोलापुरात ढग कधी थांबलाय का?" म्हणून ही तिजोरी. हार्डडिस्कची तिजोरी. आगीत आतलं जळत नाही म्हणतात.

किल्ली माझ्याकडं दिली. धोंडप्पा म्हणाले, "अप्पा, हा? ह्यानं परवा मुकादमाच्या अंगावर बॉबिन फेकलंय." अप्पा म्हणाले, "म्हणूनच. हा कुणाचं ऐकत नाही. माझंबी ऐकत नाही."

ही स्तुती का शिवी ते कळलं नाही. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलं, प्रॅक्टिकलला सरांशी वाजलं होतं, तेव्हापासून इथं मागांवर डिझाईनं चढवतो. मला कुणी किल्ली द्यावी असा मी नाही. पण एक गोष्ट आहे. रोज संध्याकाळी दिपाली दिवसभराचं काम डिस्कवर उतरवणार आणि ती डिस्क माझ्या हातात देणार. म्हणून गप्प बसलो.

आई म्हणते राग आला की आधी पाणी पी. पाण्यानं काही होत नाही. आजपासून लिहून बघतो.

७ मार्च, गुरुवार

कंपनीचा माणूस पुण्याहून आला होता. त्यानं सांगितलं, कागद लई सोसतो, पण हार्डडिस्क पन्नास डिग्रीच्या जरा वर गेली की खलास. धोंडप्पा म्हणाले, "तेवढ्यात तर आमी मे महिन्यात पत्र्याखाली बसतो." तो हसला नाही. पुण्याचा होता.

मग त्यानं मला बाजूला घेतलं. आग विझली म्हणजे तिजोरी विझली असं समजायचं नाही, म्हणाला. भिंत ताप पिऊन बसलेली असते. घाईनं दार उघडलं की बाहेरची गरम हवा, वाफ, सगळं आत शिरतं आणि आगीतून वाचलेला माल तिथंच मरतो. बाहेरून हात लावून पूर्ण गार लागली पाहिजे, त्यानंतर वर एक दिवस जाऊ द्यायचा, मग दार. "लोक इथंच माती खातात," तो म्हणाला.

तो गेला आणि अव्वा आल्या. अव्वा म्हणजे अप्पांच्या आई, नागव्वा. पूजेचं ताट घेऊन. दाराला विभूतीचे तीन पट्टे ओढले तोवर ठीक होतं. मग पाण्यानं भरलेला कलश, वर पानं, वर नारळ, हे सगळं तिजोरीच्या आत ठेवायला लागल्या. लक्ष्मी कोरड्यात बसत नाही म्हणे. मी म्हटलं, अव्वा, ह्या लक्ष्मीला पाणी चालत नाही, ओल आली की मरते ती. अव्वांनी अप्पांकडं बघितलं. "यारप्पा ई हुडुग?" हा पोरगा कुणाचा म्हणून. मी कानडीतच सांगितलं, मैंदर्गीच्या निंगव्वाचा.

"निंगव्वाचा? ती तर गरीब गाय आहे."

सगळे हसले. दिपालीपण. कलश शेवटी तिजोरीच्या डोक्यावर बसला. किल्ली मी गळ्यात, शिवदोऱ्यात अडकवली, इष्टलिंगाच्या शेजारी. ते तेवढं अव्वांना आवडलं.

१२ मार्च, मंगळवार

डिस्क देताना म्हणाली, "सांभाळ बाबा, माझा जीव हाय त्यात."

हेच वाक्य आज दिवसभर. दुसरं काही सुचलं नाही.

१९ मार्च, मंगळवार

दिपाली सांगोल्याकडची. घरी मेंढरं, थोडी डाळिंबं. वडील मेंढरं घेऊन वर्षातले कित्येक महिने घराबाहेर. पुण्यात डिप्लोमा करून आली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी तिला सगळ्यांसमोर मॅडम म्हणतो. ती मला बसू म्हणते. शरणबसवचं बसू आईशिवाय कुणी करत नाही. हे तिनं आपणहून केलं.

आज तिनं एक डिझाईन दाखवलं. तिची आत्या तानाबाई लोकर कातते, तिच्या घोंगड्याला जो काठ असतो त्यावरून केलेलं. काळ्यावर पांढरं, मधेच एक लाल टाका, चुकल्यासारखा. "तो चुकलेला न्हाई," ती म्हणाली, "आत्या मुद्दाम घालते. नजर लागू नये म्हणून." तीन महिने ह्याच्यावर बसलीय. मी मागावर चढवून नमुना काढला. टॉवेलावर तो काठ उठला तेव्हा ती बोटांनी नुसती चाचपत राहिली. अप्पांनी बघितलं आणि म्हणाले, सतरंजीसारखं दिसतंय, गिऱ्हाईक घेणार नाही. नमुना उसवायला टाकला.

मी मधे बोलणार होतो. तिनं डोळ्यांनी गप्प केलं. ती नुसती बघते आणि माझं तोंड बंद होतं, ही विद्या कॉलेजात एकाही सरांना जमली नाही.

जाताना हळूच विचारलं, "बसू, त्या काठाची एक कॉपी मिळंल का रे मला? माझ्याजवळ असावी म्हणून." पण अप्पांनी पेनड्राईव्हची भोकं लाखेनं बंद केलीत, मोबाईल गेटवर जमा. डिझाईन चोरीची भीती. मी म्हटलं, विचारतो. विचारलं. नाही म्हणाले. कारखान्यात काढलं ते कारखान्याचं.

तिला सांगितलं तर म्हणाली, "राहू दे." एवढंच. मला वाटलं होतं जरा तरी चिडेल.

२ एप्रिल, मंगळवार

ऊन सुरू झालं. आज तिजोरी उघडली तर आत डिस्कांच्या शेजारी स्टीलचा डबा. उघडला तर ताक. वर कोथिंबीर.

दुपारी दिपालीला डिस्क काढून द्यायला मी दार उघडतो तेव्हा धोंडप्पा माझी नजर चुकवून डबा आत सरकवायचे आणि संध्याकाळी डिस्क ठेवताना काढून घ्यायचे. आठवडाभर. "जाड भिंत हाय, आत गार राहतंय, तुझ्या बापाचं काय गेलं?" मी तो डबा अंगणात ओतला. मग धोंडप्पा बोलले, मग मी बोललो, मग मुकादम मधे पडला आणि त्यालापण बोललो. अप्पांनी मला घरी पाठवलं.

गेटवर दिपाली भेटली. हसत होती. "ताकासाठी लढाई केलीस म्हणे." मी म्हटलं, ताकासाठी नाही, तुझ्या डिस्कसाठी. ती म्हणाली, "एवढं डोकं कॉलेजात घातलं असतंस तर?" आणि मग, "अजून वेळ हाय, बघ. बाहेरून परीक्षा देता येते."

माझ्या भविष्याचा ती एवढा विचार करते.

१६ एप्रिल, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत ती आता गेटवर जाऊन मोबाईल घेते आणि कडुलिंबाखाली एकटी बसते. कानात वायर घालून इंग्रजी बोलते. स्वतःचं नाव, स्वतःचं गाव, मग स्वतःची ताकद काय आणि कमतरता काय. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायची तयारी करत असणार. अप्पांना तिची किंमत नाही.

आज तिला एक फोन आला. बाळासोचा. मी मुद्दाम ऐकलं नाही, पण ऐकू आलं. "व्हय, तीन तारीख नक्की. आदल्या दिवशीच निघंन. तूच घ्यायला ये, मला वापी कुटं म्हाइताय."

धोंडप्पांना सहज विचारलं, दिपालीचा बाळासो कोण. "आत्याचा मुलगा. तिकडं गुजरातेत वापीला मिलमध्ये हाय." आणि माझ्याकडं बघून, "का रे?"

आत्याचा मुलगा म्हणजे त्यांच्यात हक्काचा नवरा. हे मला कुणी सांगायला नको.

तिनं तीन मेची रजा टाकलीय. कारण लिहिलंय, घरगुती.

२१ एप्रिल, रविवार

लिहावंसं वाटत नाही. आई विचारते, जेवत का नाहीस. उन्हानं, म्हटलं.

तो बाळासो कसा दिसत असेल ह्याचा विचार करून करून मला तो आता रस्त्यात भेटला तरी ओळखू येईल.

२८ एप्रिल, रविवार

कारखाना जळाला.

सुट्टी होती, आत कुणी नव्हतं, एवढं देवानं केलं. दुपारी धोंडप्पांचा फोन, ये म्हणाले. पोचलो तेव्हा छप्पर बसलं होतं. टॉवेलाचं तूस सगळीकडं साठलेलं असतं, ते पेटलं की पावडरीसारखं जातं. वायरिंगनं पेटलं म्हणतात. अग्निशमनच्या गाड्या पाणी मारत होत्या आणि पाण्याची तिथल्या तिथं वाफ होत होती. अप्पा रस्त्याच्या कडेला उभे होते, पायात एकच चप्पल.

दिपाली आली संध्याकाळी. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काल ठेवलीस ना?"

ठेवली, म्हटलं. तिनं माझ्या शर्टाच्या गळ्याकडं बघितलं. किल्ली होती.

२९ एप्रिल, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहितो, कारण उद्या कुणी मला विचारलं तर मलाच पटायला पाहिजे.

कॉम्प्युटर सगळे गेले. भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. राखेत दोन तिजोऱ्या उभ्या होत्या. एक आमची नवी, रंग उडालेली, काळी. दुसरी अप्पांच्या आजोबांची, लोखंडी. आम्हाला आज कळलं की अप्पांनी डिस्कची दुसरी कॉपी त्या लोखंडीत ठेवली होती. नव्या तिजोरीवर विश्वास नव्हता. "ही खरी तिजोरी," म्हणाले, "तीन पिढ्या झाल्या, हिला काय होतंय."

मी म्हटलं, अप्पा, आत्ता उघडू नका. त्यांनी ऐकलं नाही. मुकादमानं कापडानं धरून दांडा फिरवला. दार उघडलं तेव्हा आत कागद होते, जमिनीचे, यंत्रांचे, तपकिरी पडलेले पण कागद. वाचता आले असते. वारा लागला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते भस्सकन पेटले. डिस्क खाली होती, उन्हाळी पापडासारखी वाकलेली.

मग सगळ्यांच्या माना नव्या तिजोरीकडं वळल्या.

"किल्ली दे," अप्पा म्हणाले.

"नाही."

"मालक कोण हाय?"

"तुम्ही."

"मग दे."

"नाही देत."

अप्पांचा हात वर गेला. मी हललो नाही. एरवी मी पण हात उचलला असता, आज उचलला नाही, का ते कळलं नाही. अप्पा जळक्या पेटीवर बसले. धोंडप्पा म्हणाले, "तुमीच म्हणालात की अप्पा. कुणाचं ऐकत नाही म्हणून." पुण्याच्या माणसाला फोन लावला. त्यानं तेच सांगितलं. पूर्ण गार, वर एक दिवस.

पण गार कशी होणार? छप्परच नाही. दुपारच्या उन्हात तिजोरी उभी आहे, आगीचा ताप कमी होतो तोवर उन्हाचा चढतो. हात लावला तर बोटं भाजली. पुण्यात बसून हे कुणी सांगितलं नव्हतं.

३० एप्रिल, मंगळवार

बाजूच्या गोदामातल्या चादरी वाचल्या होत्या. चार बांबू रोवून तिजोरीवर चादरींचं छप्पर केलं. लाल, हिरव्या, मोरांच्या. लांबून बघणाऱ्याला लग्नाचा मांडव वाटेल. मी त्यातच बसून आहे. किल्लीसाठी नाही. कुणी दांडा फिरवून, हातोडा घालून बघू नये म्हणून.

अव्वा आल्या. सिद्धेश्वर तळ्याचं पाणी, घागर भरून. अग्नीदेव रागावलाय, शांत करायचा. तिजोरीवर ओतणार होत्या. मी आडवा झालो. अव्वा, तापलेल्यावर गार पाणी पडलं की फट पडेल, वाफ आत जाईल.

"तण्णग आगबेकु," अव्वा म्हणाल्या. गार व्हायला पाहिजे.

"आपोआप होऊ दे."

"मग तुझ्याच डोक्यावर घालते. तिजोरीपेक्षा तू जास्त तापलायस."

आणि खरंच घातली. अख्खी घागर. मी तसाच भिजून उभा राहिलो, मुकादम हसून हसून खाली बसला. परवा जळाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी हसलं. अप्पासुद्धा तोंड फिरवून हसले असं धोंडप्पा म्हणतात.

बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

१ मे, बुधवार

दिपाली आली. चादरींच्या सावलीत येऊन उभी राहिली. तिजोरीला तळहात लावला, लगेच काढला.

"अजून गरम हाय."

"हळूहळू होतेय. सकाळी कमी होती."

"बसू, मला उद्या दुपारपर्यंत ती डिस्क पाहिजे."

"कशाला?"

"पाहिजे."

मी म्हटलं, कुठला कॉम्प्युटर आहे इथं, काय करणार डिस्कचं. ती म्हणाली, कॉम्प्युटरचं बघते मी, तू फक्त एक मिनिट दार उघड, मी हात घालून काढते, लगेच बंद कर. कुणी नाही आत्ता इथं. अप्पा विम्याच्या ऑफिसात, धोंडप्पा त्यांच्याबरोबर.

"मेली तर?"

"मरायची तर मरंल. माझी हाय ती."

असं ती कधी बोललेली नाही. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी शिवदोऱ्यात हात घातला. घातला, हे खरं. किल्ली गरम होती, माझ्याच अंगानं. मी उघडणार होतो. मग माझ्या तोंडातून निघालं,

"तीन तारखेला बाळासोकडं जायचंय ना?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"व्हय. बाळासोकडं जायचंय."

मी हात बाहेर काढला. म्हटलं, नाही. पुण्याचा माणूस म्हणालाय, नाही म्हणजे नाही. तुझा काठ आहे आत, मी तो मारणार नाही. माझा आवाज एवढा शांत मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं ती भांडेल. ती म्हणाली, "बरं." चादरीखालून वाकून बाहेर गेली आणि उन्हात फाटकापर्यंत चालत गेली. ओढणी डोक्यावर घ्यायचं पण विसरली.

नियमानं नाही म्हटलं. हे बरोबर आहे. पण तिनं बाळासोकडं नाही म्हटलं असतं, तर मी काय केलं असतं? हे लिहून बघितलं तरी कळत नाही.

३ मे, शुक्रवार

आज पहाटे हात लावला. गार. गाल लावून बघितला. माठासारखी गार.

उद्या.

दिपाली कालही आली नाही, आजही नाही.

४ मे, शनिवार

ऊन चढायच्या आत उघडली. अप्पा, अव्वा, धोंडप्पा, मुकादम, सगळे. किल्ली फिरली पण दार चिकटलं होतं, पहारीनं हलवावं लागलं. आतून हवा आली ती कारखान्याच्या जुन्या ऑफिसासारखी, कागदाची, लाखेची. डिस्का जशा ठेवल्या तशा. एकीवर माझ्या बोटांचे ठसे तसेच.

धोंडप्पांनी मला मिठी मारली. ताकाचं विसरलो म्हणाले.

दुपारी दिपालीला बोलावलं. आली. धोंडप्पांच्या मुलाच्या लॅपटॉपला डिस्क लावली. अप्पा मागं उभे, अव्वांनी हात जोडलेले. एकेक फाईल उघडली. मोर, कमळ, जुनी चौकड्याची चादर, सगळं. शेवटी घोंगड्याचा काठ. काळ्यावर पांढरं, मधे तो लाल टाका.

मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. एवढे दिवस त्या चादरींखाली मी जे बघायला बसलो होतो ते हेच होतं.

"आहे," ती म्हणाली. आणि लॅपटॉप मिटला.

६ मे, सोमवार

धोंडप्पांबरोबर भाड्याची शेड बघायला गेलो होतो. परत येताना चहाला थांबलो. ते म्हणाले, "पोरीचं वाईट झालं."

"कुठल्या?"

"दिपालीच्या. वापीच्या मिलची नोकरी हातातनं गेली की. मोठी मिल. बाळासोनं खटपट करून तीन तारखेची मुलाखत मिळवून दिली होती. डिझाईनर पाहिजे होती त्यांना, पण काम दाखवा म्हणाले, स्वतःचं. नुसतं तोंडानं कोण धरतंय. ही काय दाखवणार, सगळं तर तिजोरीत. अनुभवाचं पत्र मीच लिहून दिलं होतं मार्चात, अप्पांना न सांगता." चहा फुंकला. "तुला म्हाइत नव्हतं? मला वाटलं तुमी दोघं रोज बोलता."

मी म्हटलं, गेली नाही का मग?

"गेली. रिकाम्या हातानं. घरी परत पाठवलं. आणि त्या बाळासोला बिचाऱ्याला बायकोचे टोमणे, आपल्या नात्यातल्यांसाठी शब्द टाकतोस म्हणून."

बायको.

७ मे, मंगळवार

काल लिहिताना थांबलो कारण पुढचं लिहायची लाज वाटली. आज लिहितो.

धोंडप्पांचं ऐकून पहिल्यांदा जे वाटलं ते वाईट नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, म्हणजे ती जात नाही. इथंच राहणार. रोज दिसणार. रस्ता ओलांडेपर्यंत मी खूश होतो. मग तिचं ते "आहे" आठवलं.

ते इंग्रजी. स्वतःची ताकद, स्वतःची कमतरता. सगळं माझ्यासमोर बसून पाठ करत होती.

१० मे, शुक्रवार

आज बसवजयंतीला शेडची पूजा झाली. अप्पांनी सगळ्यांसमोर माझा सत्कार केला. शाल, नारळ. म्हणाले, ह्या पोरानं माझी तीन पिढ्यांची इज्जत राखली. पेपरवाला पण आला होता, त्यानं तिजोरीशेजारी उभं करून फोटो काढला. अव्वा म्हणाल्या, निंगव्वाला सांग, गायीच्या पोटी बैल जन्माला आलाय.

दिपालीनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांएवढ्याच.

तिचा काठ अप्पा आता विणणार आहेत. टॉवेलावर नाही, चादरीवर. मुंबईच्या गिऱ्हाइकाला आवडला म्हणे. लाल टाका काढून टाका म्हणालाय, दोष वाटतो. तिनं मान हलवली.

१५ मे, बुधवार

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिच्या टेबलाशी गेलो. नवीन कॉम्प्युटरची भोकं अजून बंद केलेली नाहीत. मी सकाळीच पेनड्राईव्ह आणला होता.

"तुझ्या काठाची कॉपी काढलीय. लाल टाक्यासकट. घेऊन जा. अप्पांना मी बघून घेईन."

तिनं पेनड्राईव्हकडं बघितलं, घेतला नाही.

"आता कुणाला दाखवू? तिकडची जागा भरली."

"दुसरीकडं."

"बघू."

मी उभाच राहिलो. ती स्क्रीनवर काम करत राहिली, मग थांबली.

"बस की. डोक्यावर उभा राहू नकोस."

बसलो. "मला सांगायचं तरी," म्हटलं.

"कसं सांगू? तू अप्पांच्या विश्वासातला, आणि राग आला की तुझ्या तोंडाला कुलूप नसतं. सगळ्या एमआयडीसीला कळलं असतं." जरा थांबून, "आणि सांगितलं असतं तर उघडली असतीस?"

मी पेनड्राईव्हचं टोपण काढलं, परत लावलं. ती वाट बघत होती.

"नाही," म्हटलं. खरं का खोटं, देव जाणे. तिजोरीसाठी उघडली नाही का त्या बाळासोसाठी, ते मात्र सांगितलं नाही.

"मग झालं की."

"चुकलं का माझं?"

तिनं डोळे चोळले. दमली होती, आम्ही सगळेच दमलोय. "न्हाई बसू. तू चुकला न्हाईस. डिस्क वाचली. मी म्हणत होते तसं केलं असतं तर मेली असती, आज इतं कुणाच्याच हातात काही नसतं. सगळे सांगतात मला, रोज सांगतात." मग म्हणाली, "चुकला असतास तर बरं झालं असतं. भांडले असते तुझ्याशी चांगली, मोकळी झाले असते. आता कुणाशी भांडू?"

मी पेनड्राईव्ह परत खिशात घातला. एरवी मला बोलायला कारणसुद्धा लागत नाही.

"जा, जेवून घे," ती म्हणाली आणि परत स्क्रीनकडं वळली.

घरी आलो. आईनं दारातच तोंड बघितलं. "यार जोडी जगळा माडिदी?" आज कुणाशी भांडलास.

कुणाशीच नाही, म्हटलं.

तिला बरं वाटलं. तिनं आणखी एक भाकरी वाढली.